विटाळातला ळ

बुवांनी पळीनं गोमूत्र घेतलं आणि माझ्या सोळा पानांवर शिंपडलं.

पानं कागदाची नव्हती, शिशाची होती. एकेक अक्षराचा खिळा हातानं उचलून, ओळीला ओळ लावून मी जुळवलेली. सुतळीनं बांधून छापखान्याच्या दगडी टेबलावर मांडलेली. थेंब अक्षरांच्या खाचांत शिरले. काही वेलांट्यांवर अडकून राहिले. छापखान्यात रोज रॉकेलचा आणि शाईचा वास असायचा. त्यात हा तिसरा वास मिसळला.

मी दाराबाहेर उभी होते. 'तू आत नको थांबू, तिथूनच बघ,' असं मला सांगितलं होतं. काकांनी. ज्यांनी मला काम दिलं, त्यांनी.

"झालं शुद्ध," बुवा म्हणाले. पळी पुसली. मग माझ्याकडे न बघता, "बोलवा तिला आता. म्हणू द्या काय म्हणायचं ते."

मला म्हणायचं होतं, "माझ्या हातानं बाटलं, माफी करा."

पाच शब्द. सकाळी वाडीहून बसमध्ये बसले तेव्हापासून मी ते पाठ करत आले होते.

एकाहत्तर-बहात्तर साल असेल. माझं गाव चांदा जिल्ह्याच्या अगदी टोकाला, प्राणहितेच्या काठी. नदीच्या पलीकडे तेलुगू बोलतात. तिथून नागपूरला यायचं म्हणजे दोन दिवस. बैलगाडी, मग एसटी, चांद्याला मुक्काम, मग रेल्वे. सातवीत होते तेव्हा वडील गेले. शाळा सुटली. पुढे दोन वर्षांत लग्न झालं. नवरा वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाल होता, त्याच्यामागं मी नागपूरला आले.

मला तेव्हा सगळ्यांची भीती वाटायची. कंडक्टरची, घरमालकिणीची, दुकानात सुटे मागायची. कोणी रागावलं नाही तर तेवढ्यानंच डोळे भरून यायचे. अशी मी काकांच्या छापखान्यात काम मागायला गेले. नागपूरच्या महाल भागातली एक गल्ली, खाली मशीन, वर काकांचं घर. काकांना सगळेच काका म्हणत. खादी घालायचे. आवाज मऊ. त्यांनी नाव विचारलं. मी आडनावासकट सांगितलं. ते जरा थांबले. मग म्हणाले, "हे बघ पोरी, मी काही मानत नाही. पण गिऱ्हाईक मानतं. इथं आडनाव सांगत बसू नको. गावाच्या नावापुढं 'कर' लाव, झालं."

मला वाटलं, केवढं हे मन. पायातला काटा कोणी अलगद काढून द्यावा, तसं वाटलं. मी वाकून नमस्कार केला. माझं आडनाव त्यांच्या उंबऱ्याबाहेर ठेवून मी आत गेले, आणि त्यासाठी त्यांचेच आभार मानले.

आधी मी बाइंडिंगला होते. छापलेल्या कागदांच्या घड्या घालायच्या आणि सुईदोऱ्यानं शिवायच्या. शिवणं. आमच्या भाषेत शिवणं म्हणजे टाके घालून जोडणं, आणि शिवणं म्हणजे हात लावणं. लहानपणी आम्हाला दुसराच अर्थ जास्त माहीत होता. 'शिवू नको.' नदीपलीकडच्या बाया बाजारात यायच्या, त्या विटाळाला मुट्टु म्हणत. मुट्टु म्हणजेही हात लावणं. नदी ओलांडली, भाषा बदलली, तरी गोष्ट तीच.

मला कंपोझिंगला नेलं गोविंदरावांनी. ते छापखान्यातले जुने कंपोझिटर. साठीचे, जाड भिंगाचा चष्मा, कानाला विडी. एकदा त्यांच्या हातून खिळे सांडले. मी वेचून, अक्षर ओळखून, ज्या त्या घरात टाकले. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, आरशात दिसावं तसं.

"पोट्टी, तुले उलटं वाचता येते का वं?"

"येते वाटते, गोविंदराव."

"वाटते म्हंजे? मले सा महिने लागले होते. हे पाय, उद्यापासून सुई ठेव. माह्या बाजूले उभी राय."

लाकडी खोक्यात बारीक बारीक घरं असतात. क चं घर, ख चं घर, वेलांटीचं, रफाराचं. छापून झालं की प्रत्येक खिळा परत आपापल्या घरात टाकायचा. चुकून एखादा दुसऱ्याच्या घरात पडला तर पुढच्या कामात चूक उठते. अशा खिळ्याला आमच्या छापखान्यात बाटका म्हणायचे. गोविंदराव ओरडायचे, "म चं घर कोनं बाटवलं बे?" आणि सगळे हसायचे. मीही हसायची. पुढे मीच म्हणू लागले, "गोविंदराव, त चं घर बाटलं." ते म्हणता आलं की आपण इथल्या झालो असं वाटायचं.

एक गोष्ट इथंच सांगून टाकते, नाही तर पुढं सांगायची हिंमत होणार नाही. छापखाना झाडायला रामकली यायची. झाडूकाम करणाऱ्यांच्या वस्तीतली, हिंदी बोलायची. जमिनीवर पडलेले खिळे धुळीतून वेचून ती एका डब्यात गोळा करायची आणि मला द्यायला यायची. मी म्हणायची, "खाली ठेव." ती उंबऱ्याशी ठेवायची. मग मी ते खिळे रॉकेलमध्ये बुचकळून, पुसून घरात टाकायची. धूळ असते म्हणून, असं मी स्वतःला सांगायची. गोविंदराव स्वतः खाली वाकून धुळीतले खिळे उचलत, ते मी कधी धुतले नाहीत.

बुवा काकांचे जुने गिऱ्हाईक. कीर्तन करायचे, पंचांग सांगायचे. त्यांनी एक छोटं पुस्तक लिहून आणलं. कशानं काय बाटतं आणि मग ते शुद्ध कसं करायचं, असं सगळं त्यात होतं. तांब्याचं भांडं, मातीचं भांडं, विहीर, लोणचं, लेकुरवाळी, विटाळशी. ऋषिपंचमीच्या आत पुस्तक बायकांच्या हातात पडलं पाहिजे, अशी त्यांची घाई. गोविंदरावांच्या डोळ्यांना बारीक टाइप झेपेना. ते म्हणाले, "हे तूच कर. एकटीनं."

माझं पहिलं पुस्तक. मी ते किती जपून केलं म्हणून सांगू. त्यात काय लिहिलंय ते मी वाचत होते आणि वाचत नव्हते. कंपोझिटर अक्षर वाचतो. विटाळशीचं प्रकरण जुळवताना माझेच दिवस चालू होते. खिळ्यांना कळलं नाही.

दहाव्या पानावर ळ संपला.

सोवळ्यात ळ. ओवळ्यात ळ. विटाळात ळ. केळीचं पान, तुळस, तांदूळ, वेळ, सगळीकडे ळ. काकांकडे त्या मापाचे ळ होते तेवढे सगळे लागले. असं झालं की एक रीत असते. त्या जागी दुसरा एखादा खिळा उलटा, बूड वर करून लावायचा. प्रूफात तिथं काळा ठोकळा उठतो. ळ आले की तो काढून ळ घालायचा. मी तसं केलं. पण प्रूफ तपासणाऱ्या मास्तरांकडे जायच्या आधी ते बुवांकडे गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बुवा थेट आत आले. हातात प्रूफ. "गोविंदराव! अहो, माझ्या विटाळाला कोणी काळं फासलं?"

गोविंदरावांनी चष्मा वर केला. "फासलं नाई बुवा. ळ खतम झाले. तुमचा इटायच एवढा हाय, आमचे ळ पुरले नाई."

"म्हणजे?"

"आमच्याकडं ळ कोन बोलते गा? आमी इटाय म्हनतो, डोया म्हनतो. य भरपूर पडले हायेत. म्हनत असान त य लावून देतो."

बुवाही हसले. खरंच हसले. मग प्रूफ पुन्हा डोळ्यांपुढं धरलं. "बाकी काम स्वच्छ आहे. एक काना चुकलेला नाही. तुम्ही केलं?"

"मी नाई. ह्या पोट्टीनं."

बुवांनी माझ्याकडे बघितलं. "शाबास. हात सुरेख आहे गं तुझा. घरी पोथ्यापुराण असेल. कुठली तू?"

"चांद्याकडची."

"आडनाव काय?"

दोन वर्षं मी ते 'कर' लावलेलं नाव सांगत आले होते. ते ओठावर तयार असायचं. पण त्या दिवशी शाबास म्हटलं होतं. असं कोणी मला कधी म्हटलं नव्हतं. ती शाबासकी खोट्या नावाला जावी असं वाटेना. माझ्या बापाला अक्षर येत नव्हतं. त्याच्या नावाला ती मिळावी असं वाटलं. मी खरं आडनाव सांगितलं.

बुवांचा हात थांबला. त्यांनी प्रूफ खाली ठेवलं. टेबलावर नाही, जमिनीवर. मग काकांना हाक मारली. काका आले तेव्हा त्यांनाच विचारलं, मला नाही, "महाराची?"

काकांनी हळूच मान हलवली.

"बाटलं हो," बुवा म्हणाले. "सगळं बाटलं." आणि अंगणातल्या नळाकडे गेले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. घरातलं भांडं फुटावं तसं ते हळहळले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवी ओळखीची असते. हे दुःख बघून मलाच वाटलं की मी काहीतरी केलं. मी त्यांचं नुकसान केलं. मी तिथंच उभी राहून हात साडीला पुसू लागले. किती वेळ पुसत होते कोण जाणे. गोविंदराव म्हणाले, "बस झालं वं."

काकांनी मला दुसऱ्या दिवशी जवळ बोलावलं. ते कळवळ्यानं बोलत होते, ते खोटं नव्हतं. बुवांना सगळं मोडून नव्यानं जुळवून हवं होतं. त्याला तीन आठवडे लागले असते, पुस्तक ऋषिपंचमीला निघालंच नसतं. शेवटी तडजोड ठरली. बुवा येऊन गोमूत्र शिंपडणार. आणि मी सगळ्यांसमोर म्हणायचं, माझ्या हातानं बाटलं, माफी करा.

"हे म्हणायचं कशाला, काका?"

"तू कबूल केलंस की दोष त्यांच्याकडे राहत नाही. त्यांचं समाधान. तुला काय, पाच शब्द. मग थोडे दिवस बाइंडिंगला बस. मी तुला काढणार नाही, शब्द देतो."

मी मान हलवली. घाबरलेल्या माणसाची मान आपोआप हलते.

दुपारी प्रूफं बघायला मास्तर आले. निवृत्त शिक्षक, कोपऱ्यात बसायचे, जवळ एक कणा गेलेला जाडजूड शब्दकोश. मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"मास्तर, बाटणं म्हणजे काय?"

"कुठल्या पानावर आहे?"

"पानावरचं नाही. असंच विचारते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी कोश उघडला, पानाला थुंकी लावली, बोट फिरवलं. "बाटणे. भ्रष्ट होणे. मूळ संस्कृत शब्दच भ्रष्ट. तो झिजून झिजून बाट झाला, असं धरतात."

"भ्रष्ट म्हणजे?"

"पडलेला. जागेवरून घसरलेला."

"कोण पाडतं त्याला?"

"ते कोशात नसतं."

"आणि विटाळ?"

मास्तरांनी पुन्हा पानं उलटली. बराच वेळ. "हा जुना आहे. प्राकृतात सापडतो. त्याच्या मागं जाता येत नाही. मूळ नीट लागत नाही."

"म्हणजे पहिल्यांदा कोण म्हणालं, काहून म्हणालं, कोणालेच माहीत नाही?"

घाबरले की माझ्या तोंडून गावाची बोली निघते.

"नाही," मास्तर म्हणाले. मग चष्मा काढून डोळे चोळले. "शब्दाला बुद्धी नसते, मुली. तो तोंडी असतो म्हणून असतो."

मी जागेवर आले. माझ्या आईला गावच्या विहिरीवर एकदा दगड मारला होता. कपाळावर तो व्रण मरेपर्यंत होता. त्या दगडामागं हा शब्द होता. आणि या शब्दामागं काय होतं? काही नाही. नुसतं तोंड. गावात आमच्या वस्तीनं देव नदीत सोडले त्याला बारा-पंधरा वर्षं झाली होती. देव सोडता आले. हा शब्द कुठं सोडायचा, कोणत्या नदीत, ते कळत नव्हतं. तो आमच्याकडे नव्हताच, त्यांच्याकडे होता. असं मी तेव्हा समजत होते.

खिळे हातात घेऊन मी दोन शब्द स्टिकवर, ओळ जुळवायच्या पट्टीवर, लावून बघितले. बाटणं आणि बाटवणं. बाटणं आपोआप होतं, दूध नासावं तसं. बाटवणं कोणीतरी करतं, ठरवून. मी काय ठरवलं होतं? काना मात्रा चुकू नये एवढंच मी ठरवलं होतं.

तरी मी ते पाच शब्द म्हणणार होते. हे खरं आहे. कोश बघून माणूस शूर होत नाही. मला काम हवं होतं. बाइंडिंगचं का होईना. खोलीत दिवसभर एकटीनं बसायची मला भीती वाटत होती. आणि काकांचे उपकार होते. उपकार मानेवर बसले की मान वर होत नाही. नवऱ्यालाही मी काही सांगितलं नाही. सकाळी बसमध्ये बसले. माझ्या हातानं बाटलं, माफी करा. माझ्या हातानं बाटलं, माफी करा. शेजारच्या बाईला वाटलं मी जप करतेय. तिनं जागा सरकवून दिली.

आणि आता बुवा शिंपडत होते, मी दाराबाहेर होते. बाजूला पायरीवर रामकली बसली होती. तिलाही आत जायला मनाई होती, शुद्धी चालू होती म्हणून. मांडीवर तो खिळ्यांचा डबा. ती आत बघत होती. मग माझ्याकडे बघितलं. तिच्या तोंडावर हसू नव्हतं.

"तू तो मिट्टी के तेल से धोती थी," ती म्हणाली. "वो गोमूत्र से धो रहे. बस."

एवढंच. परत आत बघू लागली.

दोन वर्षं ती बघत होती तर. डबा खाली ठेवताना, रॉकेलचा वास येताना. बुवांनी तरी तोंडानं सांगितलं, बाटलं म्हणून. मी तर सांगितलंही नव्हतं. मी धूळ म्हटलं होतं. त्यांचा शब्द म्हणून मी ज्याच्याकडे बोट दाखवत होते, तो माझ्या घरात होता. माझी आईही मांगाच्या घरचं पाणी घेत नव्हती. कपाळावर तो व्रण घेऊन घेत नव्हती.

"ये गं आत," काकांनी हाक मारली.

मी आत गेले. गोविंदराव त्यांच्या खोक्यापाशी, पाठ करून. मास्तर कोपऱ्यात. बुवा हात मागं बांधून उभे. काका माझ्याकडे बघून मान हलवत होते, लहान मुलाला पाठ म्हणायला सांगतात तसे.

"माझ्या हातानं," मी म्हणाले.

सगळे थांबले.

"माझ्या हातानं..." पुढचा शब्द तोंडात आला होता. मला त्याची चवसुद्धा आठवते, शिशासारखी. तो मी उच्चारला असता तर माझ्याबद्दल खरा झाला असता. रामकलीबद्दल खरा झाला असता. आईच्या कपाळावरचा दगड बरोबर होता, असं झालं असतं.

"अगं, म्हण ना," काका हळूच म्हणाले.

"मी बाटवलं नाही," मी म्हणाले. "मी जुळवलं."

माझा आवाज कापत होता. शूर बायकांचा आवाज असतो तसा तो नव्हता.

बुवा काकांना म्हणाले, "बघा माज."

"पोरी, एका शब्दासाठी हट्ट कशाला?" काका म्हणाले. "शब्दच आहे."

"शब्दाचंच काम करते ना काका मी."

काका खाली बघत राहिले. बुवांसमोर त्यांना दुसरं काही करता येत नव्हतं, हे मला दिसत होतं. त्यांनी दिलेला शब्द त्यांना मोडावा लागत होता आणि तो मी मोडायला लावला, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. "मग उद्यापासून नको येऊ," ते म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. ते पाणी खरं होतं. पण खऱ्या पाण्यानं काय होतं? त्यांना वाईट वाटलं आणि माझं काम गेलं.

सवयीनं मी वाकायला लागले. अर्ध्यात थांबले. सरळ झाले. चपला घातल्या.

गोविंदराव बोलले नाहीत. वळलेही नाहीत. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते, एकदा तरी वळतील म्हणून. या एका गोष्टीचं मला आजही सगळ्यात जास्त वाईट वाटतं. बुवांचं नाही.

दाराबाहेर मी रामकलीपुढं हात पसरला, डबा घ्यायला. तिनं हाताकडे बघितलं. डबा जमिनीवरच ठेवला.

"अब क्या करेगी लेके?" ती म्हणाली. "तेरा तो काम गया." आणि झाडू उचलून आत गेली.

तिनं माझ्या हातात तो का द्यावा?

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो आधी भडकला. "पाच शब्द म्हनले असते त जीभ झडून गेली असती काय वं?" तो भाकरी मोडत राहिला. मग थोड्या वेळानं, स्वतःशीच बोलावं तसं, "आमी गव्हाचे पोते पाठीवर वाहतो, गुळाच्या भेल्या वाहतो. घामानं भिजून जाते सारं. तवा कोनी म्हनत नाई बाटलं." परत जेवू लागला. हात धुताना म्हणाला, "दुसरीकडं गेली त सांगू नको मंग आडनाव."

"सांगीन."

"काहून?"

"नाई सांगितलं त त्याहीचंच खरं होते."

त्याला ते पटलं नाही. अजूनही पूर्ण पटलेलं नाही.

पुस्तक ऋषिपंचमीच्या आत निघालं. सीताबर्डीला एका पूजासाहित्याच्या दुकानात मी ते बघितलं. उघडून बघितलं. माझीच पानं होती. ओळीची जागा, शब्दांतलं अंतर, माझा हात मी ओळखला. कोणीतरी ळ आणून भरले होते, बाकी एक खिळा हलवलेला नव्हता. माझा हात त्यांना चालला. त्याला जोडलेली मी चालले नाही. ते पुस्तक कितीतरी देवघरांत गेलं असेल. कोणी म्हणेल, मग तूच जिंकलीस. मला तसं वाटलं नाही. पोटचं पोर दुसऱ्याच्या नावानं वाढतंय, आणि आपण रस्त्यातून बघतोय, तसं वाटलं. दुकानदार म्हणाला, "घ्यायचं काय बाई?" मी पुस्तक खाली ठेवलं.

त्यानंतर चार छापखान्यांत गेले. तीन ठिकाणी हात बघून जागा आहे म्हणाले आणि आडनाव ऐकून जागा भरली म्हणाले. एका ठिकाणी नुसतं पंख्याकडे बघत राहिले. पुढं सात महिने मी वाडीच्या गोदामात पोती शिवली. मग कामठी रोडवरच्या एका लहान छापखान्यात लागले. तिथला मालक चांगला होता म्हणून नाही. त्याच्याकडे दुसरा माणूस नव्हता म्हणून. तिथं काम सुरू झालं त्या पहिल्या दिवशी झाडणाऱ्या बाईनं खिळे आणून उंबऱ्याशी ठेवले. मी म्हणाले, "हातात दे." तिनं दिले. मी तसेच घरात टाकले. तेवढ्यानं रामकलीचं काही फिटलं नाही. रामकली मला पुन्हा कधी भेटली नाही.

मी अजूनही घाबरते. मोठ्या माणसापुढं बोलायचं तर वाक्य आधी पाठ करते. कोणी साधं बरं बोललं तरी उपकार वाटतात. हे लिहितानाही काकांबद्दल वाईट लिहायला हात अडखळला. हे माझ्यातून जाईल असं वाटत नाही. पण एवढं ठरलेलं आहे. कुठल्याही दारात आधी आडनाव सांगायचं, मग काम मागायचं. बाटलं हा शब्द माझ्या तोंडून कोणत्याही माणसाबद्दल निघणार नाही. माझ्या घरात कोणी काढला तर ताटावरून उठवीन, मग तो नवरा असो की पोटचा पोरगा. आणि मी हात लावलेलं ज्याला नको असेल त्यानं ते फेकावं, धुवावं, काय वाटेल ते शिंपडावं. त्याचं तो बघेल. मी हात मागं घेणार नाही.